बॅडमिंटनची नवी रॅकेट घ्यायचीय? आधी जुनीचं गटिंग बदलून बघा

बेळगाव असो, निपाणी असो, म्हापसा असो की इंदूर, भाड्याने मिळणाऱ्या इनडोअर कोर्टांवर सकाळ-संध्याकाळ खेळणाऱ्या हौशी मंडळींत एक विषय हमखास निघतो. रॅकेट कुठली घ्यायची? कुणीतरी नवी घेऊन येतो, बाकीचे चौघे ती हवेत दोन वेळा फिरवून बघतात, ‘एकदम हलकी हाय की ओ ही’ म्हणतात आणि पुढच्या आठवड्यात त्यातलाच एकजण तीच मागवतो. महिनाभराने त्याचं कोपर ठणकायला लागतं, किंवा टॉस मागच्या रेषेपर्यंत पोचेनासा होतो. मग दहा-बारा हजारांची वस्तू कपाटावर जाते आणि जुनी खाली येते.

बॅडमिंटन हा कमी खर्चाचा खेळ समजला जातो. गल्लीत दोर बांधून खेळायचं तर ते खरंच आहे. पण कोर्टाचं मासिक भाडं, शटल, बूट असं सगळं धरलं तर पगारदार माणसाला तो बोचतोच. त्यात रॅकेट हा एकच खर्च असा, की चुकला तर खिशाबरोबर हातालाही लागतो. चाळिशीनंतर पुन्हा खेळायला लागलेल्यांनी तर हे जास्तच लक्षात ठेवायला हवं. दुखावलेलं कोपर किंवा खांदा बरा व्हायला कधी कधी महिने जातात, आणि तेवढे दिवस स्कूटरचा अ‍ॅक्सिलरेटर पिळतानाही कळ येते.

या खेळाशी आपला संबंध जुना आहे. १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि इंग्लंडात काही काळ त्याला ‘पूना’ असंच म्हणत. परदेशात जाऊन आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर हे सांगलीत जन्मलेले. १९५६ साली त्यांनी क्वालालंपूरला सेलांगोर स्पर्धा जिंकली, ती लाकडी फ्रेमच्या रॅकेटने. त्या काळच्या रॅकेटी पावसाळी हवेत वाकू नयेत म्हणून लाकडी चौकटीच्या प्रेसमध्ये स्क्रू आवळून ठेवाव्या लागत. जुन्या घरांच्या माळ्यावर अजूनही एखादा प्रेस सापडतो. आजची साधी कार्बनची रॅकेट त्या लाकडीपेक्षा कितीतरी हलकी आहे. म्हणजे दुकानातली सगळ्यात स्वस्त कार्बन रॅकेटसुद्धा हातात वाईट नाही, हे आधी मनात पक्कं असलेलं बरं.

वजनाचे आकडे

रॅकेटच्या मुठीच्या वरच्या कोनावर बारीक अक्षरांत ‘४यू जी५’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा वजनाचा. योनेक्ससारख्या कंपन्यांच्या पद्धतीत आकडा जितका मोठा तितकी रॅकेट हलकी. ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४, ५यू म्हणजे ७५ ते ७९. तारा आणि वरची ग्रिप चढली की यात आणखी भर पडते. दुसरा आकडा मुठीच्या जाडीचा, आणि त्यातही योनेक्सची रीत तीच : जी४ जाड, जी५ बारीक, जी६ आणखी बारीक. इतर कंपन्यांची चिन्हं वेगळी असू शकतात, म्हणून ऑनलाइन मागवताना एका कंपनीचा आकडा दुसरीला लावू नये.

हौशी खेळाडूने ४यू घ्यावी, एवढं म्हटलं की वजनाचा विषय जवळजवळ संपतो. ३यू वाईट नाही, पण डबल्समध्ये नेटजवळ उभं राहून पटपट रॅकेट वर-खाली करायची असेल तर ती तासाभराने जाणवायला लागते. पन्नाशीच्या पुढच्यांना, नुकतं शिकणाऱ्यांना आणि ज्यांच्या खांद्याने आधीच तक्रार केली आहे त्यांना ५यू चालते. त्याहून हलक्या रॅकेटी दुकानात फार छान वाटतात. कोर्टावर मात्र मागून टॉस मारताना सगळी ताकद हातालाच लावावी लागते, कारण रॅकेटकडे स्वतःचं वजनच नसतं.

पुढे जड की मागे जड

एकाच वजनाच्या दोन रॅकेटी हातात अगदी वेगळ्या लागतात, याचं कारण वजन कुठे आहे हे. रॅकेट आडवी धरून शाफ्ट एका बोटावर ठेवावा. ती जिथे समतोल राहते तिथपासून मुठीच्या टोकापर्यंतचं अंतर टेपने मोजावं. साधारण २८५ ते २९५ मिलिमीटरच्या दरम्यान आलं तर रॅकेट समतोल, त्याहून जास्त आलं तर डोक्याकडे जड, कमी आलं तर डोक्याकडे हलकी. योनेक्सची अ‍ॅस्ट्रॉक्स मालिका पहिल्या प्रकारात मोडते म्हणजे डोक्याकडे जड, नॅनोफ्लेअर डोक्याकडे हलकी आणि आर्कसेबर मधली.

दुकानात सांगितलं जातं, ‘दादा, स्मॅश मारायचा तर हेड हेवीच पायजे.’ यात अर्धं खरं आहे. डोक्याकडे जड रॅकेटचा फटका खाली येताना वजन पाठीशी उभं राहतं. पण ती परत वर उचलायलाही तेवढाच वेळ लागतो, आणि डबल्समध्ये आपला स्मॅश परत आला की नेमका तोच वेळ नसतो. सात्विकसाईराज रंकिरेड्डीने २०२३ साली जपानमधल्या चाचणीत ताशी ५६५ किलोमीटर वेगाचा स्मॅश मारून गिनीजमध्ये नोंद केली. त्या वेळी त्याच्या हातात नॅनोफ्लेअर १०००झेड होती. डोक्याकडे हलक्या मालिकेतली! हात वेगाने फिरला तर वेग येतो. ज्याला जी रॅकेट वेगाने फिरवता येते, ती त्याची स्मॅशची रॅकेट.

इथेच एक स्वस्तातली युक्ती आहे. तारांसह ८८ ग्रॅम वजनाची आणि २९५ मिलिमीटरवर समतोल राहणारी रॅकेट घेतली, आणि तिच्या मुठीवर ५ ग्रॅमची ओव्हरग्रिप गुंडाळली, तर समतोलबिंदू सुमारे एक सेंटीमीटर मुठीकडे सरकतो. म्हणजे पुढे जड वाटणारी रॅकेट शंभर-दीडशे रुपयांत समतोल वाटायला लागते. उलट, जाड जुनी ग्रिप काढून पातळ लावली की तीच रॅकेट पुन्हा पुढे जड. मित्राची रॅकेट आवडली आणि तशीच विकत आणल्यावर ती ‘वेगळी वाटते’, त्यामागे बहुतेक वेळा मित्राने एकावर एक चढवलेल्या दोन ग्रिपा असतात.

शाफ्ट किती वाकतो हाही मुद्दा आहे, पण तो थोडक्यात समजतो. हात सावकाश फिरत असेल तर वाकणारा शाफ्ट मदत करतो. तो मागे वाकतो आणि फटक्याच्या क्षणी सरळ होताना शटलला ढकलतो. कडक शाफ्टला वाकवायलाच वेगवान मनगट लागतं. ते नसेल तर काठीने मारल्यासारखं होतं आणि धक्का थेट कोपरात जातो. हौशी खेळाडूला मध्यम किंवा मध्यम-लवचीक शाफ्ट पुरे. ‘एक्स्ट्रा स्टिफ’ लिहिलेली रॅकेट आठवड्यातून तीन दिवस खेळणाऱ्याने घ्यायचं काही कारण दिसत नाही.

खरी गोष्ट तारांत

आता ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं ते. शटलला फ्रेम लागत नाही, तार लागते. वीसेक उभ्या आणि तितक्याच आडव्या तारांची ती जाळी म्हणजेच निम्मी रॅकेट, आणि ती दुकानदाराने कशी ओढली यावर उरलेल्या निम्म्याचंही नशीब ठरतं. आपल्याकडे याला गटिंग म्हणतात. पूर्वी तारा जनावरांच्या आतड्यांपासून बनत, त्यावरून आलेला शब्द. आता सगळं नायलॉन.

स्वस्त रॅकेटी कारखान्यातूनच तारा लावून येतात. तो ताण बहुतेक ढिला असतो आणि दुकानात टांगून टांगून आणखी ढिला झालेला असतो. तार खेळली नाही तरी सैल पडते. तुटली नाही म्हणजे चांगली आहे, असं अजिबात नाही. दोन वर्षं न तुटलेल्या तारेचा आवाज ऐकावा : ‘टण्ण’ऐवजी ‘थप’ येतो. असा खेळाडू नवी रॅकेट हातात घेतो तेव्हा त्याला जो फरक जाणवतो तो नव्वद टक्के नव्या तारांचा असतो. तो पैसे मात्र फ्रेमचे मोजतो. म्हणून नवी घेण्याचा विचार आला की पहिलं काम, जुन्या रॅकेटचं चांगलं गटिंग करून पंधरा दिवस खेळावं. तार आणि मजुरी मिळून साधारण पाचशे ते हजार रुपये. बऱ्याच जणांची खरेदी इथेच रद्द होते. दुकानदारांना हे आवडणार नाही, पण असू दे.

ताण पौंडांत मोजतात. टीव्हीवर दिसणारे खेळाडू २८-३० पौंड आणि त्याहून जास्त ताणावर खेळतात, म्हणून कोर्टावर कुणीतरी ‘माझं २८ आहे’ असं अभिमानाने सांगतो. ताण वाढला की शटल तारेवर कमी वेळ राहतं. दिशा नेमकी जाते, पण जोर सगळा हाताने द्यावा लागतो, आणि शटल जाळीच्या मध्यभागीच लागलं पाहिजे. जरा कडेला लागलं की जोरही जातो, धक्काही बसतो आणि तारही तुटते. कमी ताणाची जाळी थोडी पाळण्यासारखी काम करते, शटलला आत घेते आणि उडवून देते. हौशी खेळाडूला २० ते २४ पौंडांत खेळावं. नुकतं शिकणाऱ्याने वीस-एकवीसपासून सुरुवात करून एकेक पौंडाने वर जावं, आणि टॉस आखूड पडायला लागला की एक पौंड खाली यावं. इतकं साधं आहे हे. फ्रेमवर किती पौंडांपर्यंत चालेल ते छापलेलं असतं. त्याच्या वर ओढून घेतलं आणि फ्रेम मोडली तर कंपनीकडे दाद मागता येत नाही.

तारेची जाडीही बघावी. योनेक्सची बीजी६५ ही ०.७० मिलिमीटर जाडीची तार वर्षानुवर्षं टिकाऊ म्हणून चालत आली आहे. बीजी८० ०.६८ ची, तर बीजी६६ अल्टिमॅक्स ०.६५ ची. बारीक तार आवाज छान करते, शटल उसळवते आणि लवकर तुटते. महिन्याला दोनदा गटिंग परवडत नसेल तर ०.७० बरी. गटिंग किती दिवसांनी करावं, याचा एक जुना ठोकताळा आहे. आठवड्यातून जितके दिवस खेळतो, वर्षातून तितक्या वेळा. तीन दिवस खेळणाऱ्याने वर्षातून तीनदा. आपल्याकडे एवढं कुणी करत नाही, पण वर्षातून एकदाही न करणारे जास्त आहेत.

लहान गावांत अडचण अशी की गटिंगचं मशीनच जवळ नसतं. खानापूर, चंदगडकडचा खेळाडू बेळगावात रॅकेट देऊन येतो, डिचोली-पेडण्याचा म्हापशाला किंवा पणजीला जातो. तेव्हा देताना तारेचं नाव आणि पौंड कागदावर लिहून रॅकेटला चिकटवावं. ‘काका, चांगलं घट्ट करा’ एवढंच सांगून आलं तर काका आपल्या अंदाजाने ओढतात. मशीनवर फ्रेमला चारी-सहा बाजूंनी आधार आहे की नाही हेही एकदा बघावं. दोनच ठिकाणी धरून ओढलेली फ्रेम लंबगोल होते.

बेळगावचं शटल पणजीत आखूड का पडतं?

रॅकेटवर येणारे निम्मे आळ खरं तर हवेचे आणि शटलचे असतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा सात-आठ टक्के विरळ. विरळ हवेत शटलला कमी अडथळा, म्हणून ते लांब जातं. बेळगावचा खेळाडू नातेवाइकांकडे पणजीला गेला आणि तिथल्या कोर्टावर खेळला, की त्याचे टॉस अचानक हात-दीड हात आखूड पडतात. तो ग्रिपकडे बघतो, तारा दाबून बघतो. दोष घाट उतरून आल्याचा असतो! इंदूर, पुणे, हैदराबाद ही शहरं साधारण साडेपाचशे मीटरच्या आसपासची, म्हणजे मधली. वडोदरा जवळजवळ सपाटीवरच. ग्वाल्हेरचं गणित निराळं आहे. तिथे उंची फार नाही, पण जानेवारीची सकाळ आणि मे महिन्याची दुपार यांत तापमानाचा इतका फरक असतो की हवेची घनता एकाच गावात दहा टक्क्यांहून जास्त बदलते. थंडीत शटल ‘जड’ झालं म्हणतात ते याचमुळे.

यावर उपाय शटलमध्ये आहे. नायलॉनच्या शटलवर रंगीत पट्टी असते : हिरवी म्हणजे हळू, उन्हाळ्यासाठी, निळी मध्यम, लाल वेगवान, कडक थंडीसाठी. पिसांच्या शटलच्या डब्यावर ७५, ७६, ७७, ७८ असे आकडे असतात. आकडा मोठा तसं शटल वेगवान. किनाऱ्यावर ७७ चालतं तिथे बेळगावच्या उंचीवर ७६ किंवा ७५ बरोबर वाटतं. नियमांतच याची तपासणी दिलेली आहे. मागच्या रेषेवर उभं राहून खालून पूर्ण जोराने मारलेलं शटल समोरच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटीमीटर अलीकडे पडलं पाहिजे. शटल त्याच्याही पुढे किंवा मागे पडत असेल तर रॅकेटची तुलना करण्यात अर्थ नाही, आधी डबा बदलावा.

तुलना करायची तर अशी

दुकानात हवेत फिरवून रॅकेट कळत नाही. शटलशिवाय सगळ्याच हलक्या वाटतात. आता काही दुकानं आणि अकादम्या चाचणीसाठी रॅकेट देतात. तशी सोय नसली तरी कोर्टावर आठ-दहा जणांच्या बॅगांत सगळे प्रकार असतातच. मागायला लाजू नये. एक सेट खेळायला दिल्याने रॅकेट झिजत नाही. आपल्याकडून फ्रेम आपटली तर भरून द्यायची तयारी मात्र ठेवावी, नाहीतर रॅकेटपायी मैत्री जाते.

एका वेळी दोनच रॅकेटी घ्याव्यात. चार घेतल्या की डोक्यात सगळ्यांची खिचडी होते. दोन्हींच्या तारा साधारण सारख्या ताणाच्या आणि ग्रिप सारख्या जाडीची असावी. ते जमत नसेल तर निदान फरक आहे हे ध्यानात ठेवावं. एक रॅकेट आज आणि दुसरी पुढच्या रविवारी, असं करू नये. त्या दिवशी झोप नीट झाली नसेल, शटल वेगळं असेल, समोरचा वेगळा असेल. एकाच सकाळी, एकाच शटलवर, दहा-दहा मिनिटांनी आलटून पालटून खेळावं. आणि किंमत आधी विचारू नये. पंधरा हजारांची आहे असं कळलं की हाताला ती चांगलीच लागते. मित्राला सांगून फ्रेमवरच्या नावावर चिकटपट्टी लावून घेतली तर उत्तम.

मोजण्यासाठी कोर्टावर रेषा आखलेल्याच आहेत. मागच्या दोन आडव्या रेषांमधली पट्टी ७६ सेंटीमीटरची असते. आपल्या बाजूच्या मागच्या रेषेपासून दहा टॉस मारावेत आणि समोर उभ्या असलेल्याने त्यातले किती त्या पट्टीत पडले ते मोजावं. मग रॅकेट बदलून पुन्हा दहा. मग पहिली परत. दहापैकी सहा आणि सात हा फरक सोडून द्यावा. तीन आणि सात असेल तर तो खरा. हेच बॅकहँडने करून बघावं. बॅकहँडला खोटं बोलता येत नाही, जी रॅकेट तिथे शटल मागे पोचवते तिच्यात आपल्याला जमेल तेवढाच कडकपणा आहे असं समजावं.

त्यानंतर कोर्टाच्या मध्यावर समोरासमोर उभं राहून छातीच्या उंचीवर सपाट ड्राइव्ह मारावेत, आणि मग मित्राला स्मॅश मारायला सांगून फक्त अडवत राहावं. डोक्याकडे जड रॅकेटची परीक्षा इथे होते. पहिले पाच स्मॅश अडवले जातात, पुढे रॅकेट अर्ध्या क्षणाने उशिरा पोचायला लागते. नेटजवळच्या ड्रिबलला ताण आणि ग्रिप जास्त महत्त्वाची. ते बघून फ्रेमबद्दल फारसं काही कळत नाही, त्यावर वेळ घालवू नये.

सगळ्यात खरी परीक्षा शेवटची. दमल्यावर तिसरा गेम त्याच रॅकेटने खेळावा. ताज्या हाताला सगळ्या रॅकेटी चालतात. पाय जड झाले, शटलखाली पोचायला उशीर झाला, तेव्हा जी रॅकेट शटलला तरीही मागे ढकलते ती हौशी माणसाची रॅकेट. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर कोपराची बाहेरची बाजू, मनगट आणि खांदा दाबून बघावा. नेहमीचं अंगदुखणं सगळ्यांना माहीत असतं. एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल अशी कळ असेल तर ती रॅकेट परत करावी, मग ती कितीही आवडलेली असो.

कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या या दुखण्याला टेनिस एल्बो म्हणतात, पण ते बॅडमिंटनवाल्यांनाही सोडत नाही. कडक शाफ्ट, वाजवीपेक्षा जास्त ताण आणि हाताच्या मानाने बारीक मूठ अशी तिन्ही एकत्र आली की धोका वाढतो, कारण बारीक मूठ निसटू नये म्हणून माणूस ती आवळून धरतो. रॅकेट सैल धरावी आणि शटल लागण्याच्या क्षणीच आवळावी, हे प्रशिक्षक पहिल्या दिवशी सांगतात आणि खेळाडू दुसऱ्या दिवशी विसरतात. दुखणं दोन-तीन आठवड्यांत हटलं नाही तर डॉक्टरांना दाखवावं. पट्टा बांधून खेळत राहणं ही आपल्याकडची आवडती चूक आहे.

पैसे किती घालावेत

लोखंडी शाफ्टच्या जोडीने मिळणाऱ्या रॅकेटी हजाराच्या आत येतात. अंगणात मुलांना खेळायला ठीक, कोर्टावर नकोत. फ्रेम आणि शाफ्ट जिथे जुळतात तिथे वेगळा जोड दिसला की ती त्या जातीची समजावी. पूर्ण कार्बनच्या रॅकेटी साधारण दीड ते तीन हजारांपासून सुरू होतात आणि वरच्या टोकाला पंधरा हजारांच्याही पुढे जातात. अडीच ते चार हजारांत आठवड्यातून तीन-चार दिवस खेळणाऱ्याला पाच वर्षं पुरेल अशी रॅकेट मिळते. त्यापुढचे पैसे ज्या बारकाव्यांसाठी मोजले जातात ते दाखवायला तसा हात लागतो. वाचलेल्या पैशांत न घसरणारे, कोर्टाचे खास बूट घ्यावेत. रस्त्यावर धावायच्या बुटांनी कोर्टावर घोटा मुरगळलेले खेळाडू प्रत्येक बॅचमध्ये एक-दोन असतात.

मुलांसाठी घेताना ‘मोठा झाल्यावरही चालेल’ हा विचार शाळेच्या युनिफॉर्मला ठीक, रॅकेटला नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला लांबीने लहान रॅकेट द्यावी. मोठ्या माणसाची जड रॅकेट दोन्ही हातांनी उचलायची सवय लागली की ती काढायला प्रशिक्षकाचं वर्ष जातं.

सीमाभागात आणखी एक जुनी समजूत आहे, की कोल्हापूरला किंवा गोव्याला स्वस्त पडतं. राज्याराज्यांचे कर वेगळे होते तोवर त्यात तथ्य असायचं. १ जुलै २०१७ पासून जीएसटीचा दर सगळ्या राज्यांत एकच आहे. आता किमतीत फरक दिसला तर तो दुकानदाराच्या सवलतीचा, करामुळे आलेला नाही. किंवा मग माल नकली. नावाजलेल्या कंपन्यांच्या महागड्या रॅकेटींच्या नकला सर्रास मिळतात, दिसायला हुबेहूब. निम्म्याहून कमी किमतीत, बिलाशिवाय, ‘तिकडून आणलीय’ असं सांगून कुणी देत असेल तर ती घेऊ नये. होलोग्राम, शाफ्टवरचा अनुक्रमांक आणि पक्कं बिल ही तीन बघावीत. ऑनलाइन घेतली तर पाकीट उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवावा. वाटेत फ्रेमला चीर गेली तर तोच पुरावा.

जुनी वापरलेली रॅकेट घेणं मात्र वाईट नाही. हौसेने महागडी घेऊन कंटाळलेले खूप असतात. घेताना फ्रेम डोळ्यासमोर आडवी धरून एका रेषेत आहे का बघावं, बोटाच्या नखाने कडेकडेने टिचक्या मारत आवाज ऐकावा. एखाद्या ठिकाणी तो फुटका आला तर आत चीर आहे. रंगाचे टवके उडालेले चालतात, डबल्स खेळणाऱ्याच्या रॅकेटवर ते असणारच. तारा ओढताना जिथून जातात त्या छोट्या प्लॅस्टिकच्या ग्रोमेट फुटलेल्या असतील तर पन्नास-शंभर रुपयांत बदलून मिळतात.

नवी असो की जुनी, एक गोष्ट लगेच करायची. खेळताना एक तार तुटली की उरलेल्या तारा तशाच ठेवून रॅकेट बॅगेत टाकू नये. एका बाजूचा ताण गेलेला, दुसऱ्या बाजूचा तसाच, अशा अवस्थेत फ्रेम रात्रीतून वाकू शकते. कोर्टावरच कात्री मागून मधल्या तारांपासून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने सगळ्या कापून टाकाव्यात, आणि बंद गाडीत उन्हात न ठेवता रॅकेट गटिंगला द्यावी, तारेचं नाव आणि पौंड लिहिलेला कागद चिकटवून.